नेटाचा नवा खुबा

नेटा,

आपल्या गोल्फ मंडळाच्या शंभरीच्या पुस्तिकेत जुन्या सभासदांवर काहीबाही येणार आहे, आणि तुझ्यावर लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. तुला विचारलं असतं तर 'मी असं काय मोठं केलंय' म्हणून हात झटकले असतेस, म्हणून विचारलंच नाही. एरिकला मात्र सुगावा लागलाय. 'माझ्याबद्दल खरं लिहू नकोस' असा त्याचा निरोप आहे. बघू.

तुला ठाऊक असलेल्या बऱ्याच गोष्टी मला लिहाव्या लागतील, कारण मंडळात आलेल्या नव्या मुलींना त्या ठाऊक नाहीत. तिथे कंटाळलीस तर पान उलट.

मुलींनो, ही नेटा टुलॉक. मासे धुरावणाऱ्या घरातली पोर, आणि लग्नानंतर जन्मभर पोर्टगार्व्हीच्या बेकरीत काउंटरमागे उभी. पहाटे कामाला जायची, दुपारी सुटायची, आणि घरी न जाता तशीच समोरच्या मैदानावर यायची. केसात पीठ, अंगावर बेकरीच्या वासाचा कोट, खांद्यावर बॅग. तिच्या चेंडूंनाही लोणीपावाचा वास येतो असं तिचा नवरा एरिक म्हणायचा. लांब फटका तिचा कधीच विशेष नव्हता. ताकद माझ्याकडे, दिशा देवाकडे, असं आमच्या जोडीबद्दल म्हणत. पण झेंड्याजवळ पोचलं की सगळे बोलायचे थांबायचे, कारण आता नेटाची पाळी.

झेंडा रोवलेल्या भोकाभोवतीच्या हिरवळीच्या काठावरून चेंडू जरासा उचलून झेंड्याकडे पळवायचा, ती चिप. त्याच्या थोडं मागून, मध्ये ओहोळ नाहीतर खड्डा असेल तर उंच उडवून अलगद टाकायचा, ती पिच. दिसायला दोन्ही पोरखेळ. आयुष्य घालवून न येणाऱ्या बायका मी पाहिल्यात, त्यातल्या निम्म्या कार्यकारिणीवर आहेत.

आमच्याकडे सगळ्यांना लहानपणी एकच शिकवतात: पाय रोवा, मान वर करू नका, हलू नका. वारा असा असतो की दुसरं काही शिकवून उपयोगही नाही. त्यामुळे पोर्टगार्व्हीची माणसं हजार माणसांत ओळखू येतात. पाय फाकवून, कुंपणाच्या खांबासारखी उभी. लांब फटक्याला ते चालतं. चिपला तसं उभं राहिलं की कमरेखाली सगळं गोठतं, मग बिचारे हातच काय ते काम करणार, मनगट ऐनवेळी झटका देणार, आणि चेंडू एकतर पायाशीच लोळणार नाहीतर हिरवळ ओलांडून पलीकडच्या काट्यांत.

तू तशी उभी राहायचीच नाहीस. पाय जवळजवळ, बसची वाट बघत असल्यासारखे. डावं पाऊल जरासं झेंड्याकडे उघडलेलं, आणि वजन त्याच पायावर. काठी मागे गेली की गुडघे सैल, आणि काठी पुढे आली की पोट, कंबर, उजवा गुडघा असं सगळं तिच्यासोबत झेंड्याकडे वळायचं. शेवटी उजवी टाच गवतावरून जेमतेम सुटलेली. बघणाऱ्याला वाटायचं, हिने काही केलंच नाही. चेंडू दोन उड्या मारून झेंड्याशी जाऊन बसायचा. 'कसं करतेस गं?' विचारलं की म्हणायचीस, 'मारते आणि बघते.' तुला स्वतःला ठाऊकच नव्हतं, आणि पुढचं सगळं रामायण त्यातून झालं.

डावा खुबा गेला तो बेकरीतल्या फरशीवर जन्मभर उभं राहून. बदलून नवा सांधा घातला. तू परत आलीस तेव्हा आधाराची काठी टेकवत, पण हसत, आणि आम्ही सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पहिले काही मंगळवार, म्हणजे आपल्या खेळाचे दिवस, नुसती हिरवळीवर चेंडू ढकलायचीस. मग हळूहळू सगळे फटके आले.

चिप आली नाही.

पहिल्यांदा वाटलं सराव नाही. मग वाटलं वय. तू हिरवळीच्या काठाला उभी राहायचीस ती आमच्यासारखी, त्याहून वाईट. पाय फाकलेले, वजन सगळं उजव्या पायावर, गुडघे ताठ, आणि कमरेपासून खाली पुतळा. वजन मागे राहिलं की काठी चेंडूच्या आधी जमिनीत घुसणार किंवा चेंडूच्या डोक्यावर बसणार. तिसरं काही होऊच शकत नाही. भूगोल शिकवण्यात माझा जन्म गेला, पण एवढं पदार्थविज्ञान मलाही येतं.

मग मी बोलले का नाही? कारण आपण जोडीदार. चौकडीच्या खेळात दोघींत एकच चेंडू, एक फटका तुझा, एक माझा. आणि आपल्या मंडळाचा नियम बाकी गावांपेक्षा कडक. जोडीदाराने विचारल्याशिवाय तिला शिकवायचं नाही, आणि स्वतःचं चुकलं तर सॉरी म्हणायचं नाही. जिच्या तोंडून सॉरी निघालं, तिने पुढच्या होलपर्यंत दोन्ही बॅगा वाहायच्या. हा नियम कुणी केला कोण जाणे, पण शहाणपणाचा आहे. चार तास वाऱ्यात एकमेकींच्या माफ्या ऐकत कोण फिरणार? माझ्यामुळे तू किती वेळा काट्यात उभी राहिलीस, तुझ्यामुळे मी किती वेळा वाळूत. आपण कधी एक अक्षर बोललो नाही. लग्नं याहून कमी गोष्टींवर टिकतात.

आपला प्रशिक्षक फर्गस, त्याला तू विचारलंस. फर्गस भला माणूस. त्याने तुझे हात बघितले. 'हात घट्ट ठेवा, मिसेस टुलॉक, आणि मान खाली.' तू हात घट्ट ठेवलेस, मान खाली घातलीस, आणि आधीच गोठलेली होतीस ती आता बर्फाची लादी झालीस. तीन उन्हाळे असे गेले.

आणि मग काही वर्षांपूर्वीचा किटलीचा सामना.

किटली म्हणजे शेजारच्या इन्व्हरकेल गावच्या बायका आणि आपण, दर सप्टेंबरला, तांब्याची एक चेपलेली किटली. जिंकणाऱ्यांनी बसायचं, हरणाऱ्यांनी त्यांना चहा ओतायचा. आपल्यासमोर मिसेस अफ्लेक आणि तिची बहीण. शेवटच्या होलला बरोबरी. माझा फटका हिरवळीच्या खालच्या खळग्यात थांबला, तुझी चिप, पलीकडे ओहोळ. झेंडा इतका जवळ की पूर्वीची नेटा असती तर मी आधीच टोपी काढली असती.

चेंडूच्या डोक्यावर बसली काठी. चेंडू सापासारखा हिरवळीवरून सरपटत गेला आणि ओहोळात पडला. डुबुक आवाज आला, तो अजून माझ्या कानात आहे. तू तिथेच उभी. आणि म्हणालीस,

"सॉरी, ग्रिझेल."

मिसेस अफ्लेकचीसुद्धा बोलती बंद झाली, आणि तिची बोलती बंद होणं सोपं नाही. इतक्या वर्षांत तुझ्या तोंडून तो शब्द कुणी ऐकला नव्हता. मी म्हटलं, "काही ऐकलं नाही मी, वाऱ्यात." तू म्हणालीस, "ऐकलंस." आणि खाली वाकून, म्हणजे वाकून नव्हे, तुला वाकायची बंदी होती, गुडघा तिरका करून कशीबशी, दोन्ही बॅगा खांद्यावर घेतल्यास. पुढचा होल नव्हताच, सामना संपला होता. तरी मंडळाच्या पायरीपर्यंत तू त्या वाहिल्यास. तुझ्या मागून चालताना माझा जीव नव्या खुब्यात अडकला होता. चहा तू एक थेंब न सांडता ओतलास. माझाच सांडला.

सोमवारी सकाळी तू माझ्या दारात. खांद्यावर बॅग, हातात बूट.

"शनिवारी चर्चच्या सेलला जातेस ना गाडी घेऊन?"

"जाते."

"हे तिथे देऊन टाक. झालं माझं."

"काय झालं तुझं?"

"खेळून झालं. कुणाला तरी उपयोगी पडेल. बूट नवेच आहेत तसे."

"नेटा, आत ये."

"नाही. आत आले की तू बोलणार, आणि तू बोललीस की मी ऐकणार. ठेव डिकीत."

मी ठेवलं डिकीत. दुसरं काय करणार? तू मागे न बघता गेलीस. बेकरी सुटली, पोरं एडिनबराला गेली, एरिक बोटीतून उतरून टीव्हीसमोर बसला, तेव्हा तुझं स्वतःचं असं एवढंच उरलं होतं. आणि तेही तू माझ्या डिकीत टाकून गेलीस.

तो मंगळवार मी घरी बसून काढला. जिन्यावरचा गालिचा दोनदा झाडला.

बुधवारी वारा होता, ऊनही होतं. असा दिवस आपल्याकडे वाया घालवत नाहीत. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर वाळवणाचं मैदान. गावच्या बायकांना तिथे कपडे वाळत घालायचा हक्क गोल्फच्याही आधीपासूनचा, म्हणून गोल्फच्या हद्दीच्या पांढऱ्या खुंट्या त्याला वळसा घालून गेल्यात. आता बहुतेकींकडे यंत्र आहे, पण तू यंत्रात चादर घालणार नाहीस. भांडी घासत मी बघत होते. तू कपड्यांची टोपली खोक्यावर ठेवली होतीस, म्हणजे वाकायला नको. तिच्यातून ओली चादर उचललीस, उजवीकडून. आणि डावीकडच्या दोरीकडे वळलीस.

मी हातातली बशी खाली ठेवली.

वजन गेलं डाव्या पायावर. गुडघे सैल. पोट वळलं दोरीकडे, कंबर वळली, उजवा गुडघा तिच्यामागे, आणि चिमटा लावायला हात वर करताना उजवी टाच गवतावरून सुटली. दुसरी चादर. तेच. तिसरी. तेच. दोरीवर चादरी फडफडत होत्या आणि त्यांच्यासमोर माझी जुनी जोडीदार चिपांमागून चिपा मारत होती, फक्त हातात काठी नव्हती.

मी ओल्या हातांनी, एप्रन घालूनच बाहेर गेले.

"नेटा, तू आत्ता काय केलंस?"

तोंडात चिमटे. ते काढून तू म्हणालीस, "चादर वाळत घातली. तुझ्या कॉलेजात हे शिकवत नव्हते वाटतं?"

"परत घाल."

"घातलीय ना ती."

"काढ आणि परत घाल."

"ग्रिझेल, तुला बरं नाही का गं?"

"घाल म्हणते ना!"

तू घातलीस. मी तुझ्या टाचेकडे बोट दाखवलं. "ती बघ. टाच वर गेली. डावा खुबा वळला."

"नाही वळला."

"वळला. मी शाळेत चाळीस पोरांवर एकाच वेळी नजर ठेवायचे, एका खुब्यावर ठेवता येत नाही का मला?"

तू खाली स्वतःच्या पायांकडे बघितलंस, जणू ते दुसऱ्या कुणाचे आहेत. चेहरा उतरला. "मग मोठाच घोटाळा झाला असणार आत. वळवायचा नाही म्हणून सांगितलंय मला. वळवला तर निखळतो."

"कुणी सांगितलं? कधी?"

"हॉस्पिटलात. ऑपरेशन झालं तेव्हा."

"अगं, ते सुरुवातीच्या काही आठवड्यांपुरतं असतं! नंतर दाखवायला बोलावलं होतं ना, तेव्हा काय म्हणाले?"

 तू एक चिमटा उघडून मिटत राहिलीस.

"नेटा."

"मंगळवार होता," तू म्हणालीस.

"कसला मंगळवार?"

"दाखवायला बोलावलं तो. पहिलाच मंगळवार होता मला हिरवळीवर यायला मिळालेला. एरिकने बसस्टॉपवर सोडलं. तो गेला, आणि मी रस्ता ओलांडून मैदानावर आले."

मला आठवलं. "मी विचारलं होतं तुला. डॉक्टर काय म्हणाले? तू म्हणालीस, झकास."

"दिवस झकास होता की."

मी ओरडणार होते. तोंड उघडलंही होतं. पण तू चादरीच्या आडोशाला गेलीस आणि आवाज बदलून म्हणालीस, "भीती वाटली गं. ते म्हणाले असते की आता खेळ बंद, तर काय केलं असतं? न विचारलेलं बरं. म्हटलं, सांगितलंय तेवढं पाळू. वळायचं नाही, वाकायचं नाही. म्हणजे खेळता तरी येईल."

म्हणजे असं. खेळ बंद होईल या भीतीने तू डॉक्टरकडे गेली नाहीस, डॉक्टरकडे गेली नाहीस म्हणून वळली नाहीस, वळली नाहीस म्हणून चिप गेली, आणि चिप गेली म्हणून खेळ तूच बंद केलास. मंगळवारचा खेळ चुकू नये म्हणून डॉक्टर चुकवणारी बाई पोर्टगार्व्हीखेरीज कुठे सापडेल असं मला वाटत नाही. इथे मात्र दर गल्लीत सापडेल.

"शुक्रवारी रोना येते दवाखान्यात," मी म्हटलं. "जायचं."

"आणि ती नाही म्हणाली तर?"

"तर बॅग सेलला जाईल. तशीही चाललीच आहे."

तू उरलेले चिमटे टोपलीत टाकलेस.

रोना फिजिओथेरपिस्ट. माझ्या वर्गात होती, नकाशे वाईट काढायची, हात मात्र सोन्याचे. शुक्रवारी माझ्या गाडीतून निघालो. वळणावर डिकीत खडखड झाली की आपण दोघी समोर बघायचो. दवाखान्यात तुझा चेहरा असा पांढरा की रोनाने आधी पाणी दिलं. मग तुला झोपवलं, पाय उचलला, वाकवला, इकडे तिकडे फिरवला. मग उभं केलं. "डाव्या पायावर उभ्या राहा, मिसेस टुलॉक. आता वळा. आणखी. अजून."

"वळू?" तुझा आवाज लहान मुलीसारखा आला.

"वळा की. थांबलात कशाला?"

तू वळलीस. काही निखळलं नाही. रोना कमरेवर हात ठेवून म्हणाली, "हा सांधा घोड्याला बसवला तरी चालेल. पहिले तीन महिने जपायचं असतं, मग मोकळं. इतकी वर्षं तुम्ही वळतच नव्हता?"

"चादरी सोडून," तू म्हणालीस.

"आणि गोल्फ खेळू का?" हे विचारायला तुला किती वेळ लागला ते मी पाहिलं. बुटाची नाडी बांधलीस, सोडलीस, परत बांधलीस.

रोना हसली. "न खेळाल तर मी मंडळाकडे तक्रार करीन. माझी आईही तुमच्याच संघात आहे."

गाडीत बसलीस, दार लावलंस आणि आधी रडलीस. मग रडत रडत हसायला लागलीस, आणि हसू थांबेना. बेकरीसमोर गाडी उभी करून मी लोणीपाव घेतले, गरम होते. तू दोन खाल्लेस. सामन्यानंतर तुला धड खाताना मी पहिल्यांदा पाहिलं. कोटाच्या पुढ्यावर चुरा पडला होता, आणि तू म्हणालीस, "देवा, किती हलकं वाटतंय गं!" मलाही वाटत होतं. जे भलतंच मोठं दुखणं असेल असं वाटलं होतं, ते एका राहून गेलेल्या भेटीएवढं निघालं.

मी गाडी थेट वाळवणाच्या मैदानाशी नेली आणि डिकी उघडली.

"हे सेलला जायचंय ना?" तू विचारलंस.

"शनिवारी. आज शुक्रवार आहे. घे ती आखूड काठी."

"तू मला शिकवणार? नियम आहे."

"नियम पांढऱ्या खुंट्यांच्या आत. हे वाळवण आहे. इथे मी तुला स्वयंपाकही शिकवू शकते."

"तो नको," तू म्हणालीस. माझा स्वयंपाक तू खाल्लेला आहेस.

कपड्यांची रिकामी टोपली मी खांबाशी ठेवली. तू चेंडूसमोर उभी राहिलीस आणि लागलीच पाय फाकवलेस. सवय.

"चादर कशी घालतेस?"

"गप. विचार करू दे." तू पाय जवळ आणलेस. डावं पाऊल जरा उघडलंस. वजन डावीकडे दिलंस, भीत भीत, पातळ बर्फावर पाऊल ठेवावं तसं. पहिला चेंडू अर्ध्यात मेला. पोट वळलं नव्हतं. दुसऱ्याला पोट वळलं पण काठीच्या आधीच, घाईने, आणि चेंडू तिरका उडाला तो थेट दोरीवरच्या एरिकच्या लांब विजारीत.

एरिक तुमच्या घराच्या मागच्या दारात उभा होता. किती वेळ, कोण जाणे. "ती माझी आतली विजार आहे, झेंडा नव्हे!"

"हलत होती, म्हणून फसले," तू म्हणालीस.

"आणि ग्रिझेल, तिला खुबा वळवायला लावू नकोस, डॉक्टरने सांगितलंय!"

"कुठल्या डॉक्टरने?" मी विचारलं, आणि तुझ्याकडे बघितलं. तू मला डोळ्यांनी दटावलंस.  एरिक, ही पुस्तिका तू वाचशीलच, तेव्हा आता कळलं तुला. बसस्टॉपवर सोडलं की बस येईपर्यंत थांबावं माणसाने.

"काठी आणि पोट बरोबर," मी तुला म्हटलं. "चादर हातात असताना हात पुढे जाऊन पोट मागे राहतं का? नाही ना. आणि टाच तू उचलू नकोस, ती आपली आपण उठेल."

मग तुझा चेहरा कोरा झाला. पूर्वी व्हायचा तसा. काठी मागे गेली, गुडघे सैल झाले, आणि काठी, कंबर, उजवा गुडघा असे सगळे एकत्र टोपलीकडे वळले. आवाज आला. चेंडूला नीट लागल्यावर येतो तो बारीक, कोरडा टक. चेंडू उठला, गवतावर एकदा टेकला आणि टोपलीच्या काठावर आपटून आत पडला.

 एरिकने नाक शिंकरलं. तू दुसरा चेंडू ओढून घेतलास.

अंधार पडेपर्यंत आपण तिथे होतो. शेवटी मागे सरकून खांबांच्या दोरीवरून पिच. त्यालाही तेच, फक्त वळण जरा मोठं, पाय जरा रुंद, आणि शेवटी छाती पूर्ण झेंड्याकडे. दोनतीन उशीचे अभ्रे परत धुवायला लागले. तू आत जाताना दारात थांबलीस. आखूड काठी माझ्या हातात दिलीस, मी ती बॅगेत ठेवली.

"उद्या नेतेस ना सेलला?" तू विचारलंस, माझ्याकडे न बघता.

"नेते की," मी म्हटलं.

पुढचं थोडक्यात. पुढच्या सप्टेंबरला पुन्हा किटली, पुन्हा मिसेस अफ्लेक आणि तिची बहीण, आणि शेवटच्या होलला पुन्हा बरोबरी. असं होतं कधी कधी. वारा असा की टोप्या दातात धराव्या. माझा फटका या खेपेला ओहोळाच्या अलीकडेच पडला. म्हणजे तुला पाण्यावरून पिच. मिसेस अफ्लेकने बहिणीला कोपर मारलेलं मी पाहिलं. तुझ्या पायांकडे मी बघणार नव्हते, पण बघितलं. जवळजवळ होते. वाऱ्यात, सगळं पोर्टगार्व्ही खांबासारखं उभं असताना, तू एकटी बसची वाट बघत उभी होतीस.

चेंडू पाण्यावरून गेला, हिरवळीवर अलगद पडला आणि झेंड्यापासून हातभर अंतरावर थांबला. मी सोडलेला श्वास इन्व्हरकेलपर्यंत ऐकू गेला असेल.

आणि मग तो हातभर अंतराचा चेंडू मी चुकवला.

हो, मी. लिहून टाकते, नाहीतर एरिक लिहील. चेंडू भोकाच्या काठावरून वळून बाजूला बसला. मी वळले, तोंड उघडलं, आणि 'स' बाहेर पडणार एवढ्यात तू म्हणालीस,

"तोंड मिट. बॅगा उचलायची हौस आली का?"

मी तोंड मिटलं. आपण हरलो. मंडळात जाऊन चहा ओतला, आणि तू ओतता ओतता गुणगुणत होतीस. मिसेस अफ्लेक कप पुढे करून म्हणाली, "हरलात ना तुम्ही? मग दात कसले काढताय?"

"दात नवे आहेत," तू म्हणालीस. "सगळं नवं घेतलंय मी. साखर किती?"

संपलं. एकच राहिलं. बॅग अजून माझ्या डिकीत आहे. दर मंगळवारी तू गाडीशी येतेस, डिकी उघडतेस, बॅग काढतेस, खेळ झाला की परत तिथेच ठेवतेस. बूटही तिथेच बदलतेस. त्या शनिवारी मी सेलला गेले होते. एक किसणी आणली, बिनधारेची. चर्चचे सेल नंतर दर वर्षी होतायत. तू कधी विचारलं नाहीस, मी कधी सांगितलं नाही.

ग्रिझेल